बारा-अ मजला काय बरळतो

मी लिफ्टना बोलायला शिकवते. पोटासाठी माणसं याहून वाईट कामं करतात, तेव्हा हसू नका. लिफ्टमध्ये शिरल्यावर छतातून एक बाई "चौथा मजला" म्हणते ना, ती काय म्हणणार हे आमच्या कंपनीत ठरतं. कंपनी म्हणजे चपलांच्या दुकानावरच्या दोन खोल्या, मालक, मी आणि जरतर.

जरतरला खरं नाव आहे, पण ते त्याच्या आईखेरीज कुणी वापरत नाही. तो सगळा प्रोग्राम "जर असं असेल तर तसं" या एकाच चालीवर लिहितो, म्हणून जरतर. बोलणाऱ्या यंत्राची अडचण अशी, की आत नाना प्रकारचा माल येतो. मजल्याचा आकडा येतो, घड्याळातली वेळ येते, उभ्या माणसांचं वजन येतं, दार अडकल्याची तक्रार येते. तोंडातून बाहेर मात्र एकच माल जातो, अक्षरांची माळ. आम्ही तिला स्ट्रिंग म्हणतो. जरतरने त्यासाठी दारात भालदार बसवला होता. आलेला पाहुणा मजला असेल तर असं बोल, वेळ असेल तर तसं बोल, वजन असेल तर आणखी तसं बोल. नवा पाहुणा आला की शेपटीला आणखी एक जर. एकदा हा जर चुकीच्या जागी चिकटला आणि एका ऑफिसात सकाळी नऊच्या ठोक्याला शिरलेल्या बाईंना लिफ्ट म्हणाली, "नऊशे किलो." त्या बाई उतरून जिन्याने गेल्या.

मी ते सगळं मुळासकट उपटलं. माझं म्हणणं साधं होतं, ज्याने त्याने आपलं तोंड आपण उघडावं. मजल्याला ठाऊक असतं मजला कसा बोलायचा, वेळेला ठाऊक असतं वेळ कशी सांगायची. मी फक्त म्हणणार, "बोल." समोर कोण उभं आहे याची चौकशी मी कशाला करू?

हे मी कॉलेजात शिकले असं मालकांना वाटतं. मी ते माझ्या आत्याकडून शिकले. आत्या मुख्याध्यापिका होती, आणि निवृत्त झाली तरी तिच्यातली मुख्याध्यापिका गेलेली नाही, फक्त शाळा गेली. वर्षाच्या पहिल्या दिवशी ती कधी हजेरी घ्यायची नाही. प्रत्येक पोराने उभं राहून आपलं नाव आपण सांगायचं, पूर्ण वाक्यात. जो लाजून गप्प बसेल त्याला ती मनाला येईल तो नंबर द्यायची आणि वर्षभर त्याच नंबराने हाक मारायची. तिचा सगळ्यात धाकटा भाऊ, म्हणजे माझा काका, तिच्याच वर्गात होता. सख्ख्या बहिणीला नाव काय सांगायचं, म्हणून तो फुगून उभा राहिला. आज त्याला नातवंडं आहेत आणि ती त्याला अजून "सव्वीस" म्हणते.

आमच्या प्रोग्राममध्येही हीच पद्धत आहे. ज्याला स्वतःबद्दल बोलायला शिकवलेलं नाही, त्याच्या वतीने सगळ्यांचा मूळपुरुष बोलतो. त्या बिचाऱ्याला दोनच गोष्टी माहीत असतात, पोर कुठल्या घरचं आणि यंत्राने त्याच्या गळ्यात अडकवलेला नंबर. तेवढंच तो घडाघडा म्हणून टाकतो.

आता आत्याच्या डोळ्यांकडे येते. ते दोन वर्षांत हळूहळू गेले. नसा सुकल्या, असं डॉक्टर म्हणाले. "मग ओल्या करा," असं आत्या म्हणाली, पण तशी सोय नव्हती. ती एकटी राहते, बारा-अ मजल्यावर. त्या इमारतीत तेरावा मजला नाही. बांधणाऱ्याला तेरा आकड्याची धास्ती, म्हणून बारा, मग बारा-अ, मग थेट चौदा. काकाचे दोन्ही डोळे ठणठणीत असून तो दर खेपेला तेरा शोधत चौदाव्यावर उतरतो आणि तिथल्या अनोळखी माणसांना "ताई आहे का?" विचारतो.

लिफ्टच्या बटणांवर उठावाचे आकडे होते, बोटाने वाचता येण्याजोगे. बटणं झिजू नयेत म्हणून सोसायटीने त्यांवर जाड प्लास्टिक चिकटवलं. बटणं झिजली नाहीत, आत्या मात्र आठवड्यातून दोनदा भलत्याच मजल्यावर उतरायला लागली. मग मी सोसायटीच्या सेक्रेटरीच्या आणि आमच्या मालकांच्या मागे हात धुऊन लागले आणि त्या लिफ्टला वाचा आणली.

पहिल्याच संध्याकाळी आत्याचा फोन आला.

"अगं, तुझी बाई बाकी मजल्यांवर शहाण्यासारखी बोलते. माझ्या मजल्यावर आली की बरळते."

"काय म्हणते?"

"स्किप्ड फ्लोअर ॲट पाच सी नऊ दोन," आत्याने खाडकन म्हणून दाखवलं.

मी समजले. बारा-अ हा ना धड आकडा, ना धड नाव. म्हणून जरतरने त्याच्यासाठी 'स्किप्ड फ्लोअर', म्हणजे गाळलेला मजला, असा वेगळा प्रकार केला होता आणि त्याला बोलायला शिकवायचं विसरला होता. मूळपुरुष तोंड उघडून मोकळा झाला होता. मी जरतरचं डोकं खाल्लं. तो म्हणाला, "माझ्या पद्धतीत निदान 'नाहीतर गप्प बस' असं शेवटी असायचं."

"आत्या, मी आत्ताच्या आत्ता दुरुस्त करते," मी म्हणाले.

"हात लावू नकोस! बाकीच्यांचं काय, दहावा काय नि अकरावा काय, डुलकी लागली तर कानाआड होतं. बरळली की मला कळतं, घर आलं. पाच सी नऊ दोन. माझा हजेरी नंबर आहे तो."

मी हात लावला नाही. तिला आवडलं होतं आणि मला काम नको होतं, दोघींचं जमलं.

पुढे सगळं नीट चाललं असतं, पण आत्याने एकदा दूध उतू घालवलं. डोळस माणसांकडून दूध उतू गेलं तर ते दूध असतं. आत्याकडून गेलं तर त्याची बैठक बसली. बाबा आणि काका तिच्याच सोफ्यावर बसून, तिच्याच हातचा चहा पीत, तिचं काय करायचं ते ठरवू लागले.

"पडली तर?" काका खोकत म्हणाला. त्याला बारमाही खोकला आहे.

"गॅस चालू राहिला तर?" बाबा म्हणाले.

"आमच्याकडे मागची खोली रिकामी आहे. वॉशिंग मशीन आहे तिथे, पण तिचा काय त्रास? हिला दिसत थोडीच आहे."

आत्या समोरच बसली होती. तिने कप खाली ठेवला. "मी बहिरी नाही झाले रे, सव्वीस."

बरीच हमरीतुमरी झाली आणि शेवटी आत्यानेच परीक्षा काढली. परीक्षा म्हटलं की तिला हुरूप येतो. येत्या रविवारी तिने एकटीने खाली जायचं, कोपऱ्यावरच्या दुकानातून काकासाठी खोकल्याच्या गोळ्या आणायच्या, वर यायचं आणि आपल्या दाराचं कुलूप आपण उघडायचं. जमलं तर घराचा विषय पुन्हा निघणार नाही. नाही जमलं तर ती वॉशिंग मशीनशेजारी राहायला जाईल. बाबा आणि काकाने वर लिफ्टसमोर थांबायचं, मी परीक्षक म्हणून सोबत चालायचं, पण सगळ्यांनी मुक्याने.

"तू एक शब्द जरी बोललीस," काका मला म्हणाला, "तरी ताई नापास."

मी घाबरले. आत्यासाठी नाही, लिफ्टसाठी. तिला वाचा आल्यापासून ती एकदाही बंद पडली नव्हती, आणि जे यंत्र फार दिवस नीट चालतं त्याच्याविषयी आमच्या धंद्यात लोकांची झोप उडते. आमच्याकडे सगळ्या रोगांवर एकच काढा आहे, बंद करून चालू कर. रोग नसला तरी आम्ही तो पाजतो. रविवारी सकाळी मी सगळ्यांच्या आधी पोचले, गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत गेले आणि लिफ्टचा बोलका डबा बंद करून चालू केला. खाली येताना बारा-अ वर थांबून ऐकलंसुद्धा. "स्किप्ड फ्लोअर ॲट," एवढं कानावर पडलं. बरळतेय, म्हणजे सगळं ठीक आहे, असं म्हणून मी निघाले. पुढचं कोण ऐकत बसतं?

डबा बंद केला की सगळ्यांचे नंबर नव्याने वाटले जातात, हे मला माहीत होतं. कॉलेजात यावर प्रश्न आला होता आणि मला पैकीच्या पैकी मिळाले होते.

आत्याने दुकान असं गाठलं की मला तिच्यामागे धावावं लागलं. काठीने एक सायकल बाजूला सारली, सायकलवाल्याला शिस्त शिकवली, गोळ्या घेतल्या, दुकानदाराने दिलेली पाकिटं हुंगून त्यातलं एक परत केलं. मग आम्ही लिफ्टमध्ये शिरलो. तिने बटणांच्या ओळीवर बोट चालवलं, प्लास्टिकवरून अंदाज घेत एक दाबलं, आणि बोट तिथेच ठेवून दाराकडे तोंड करून ताठ उभी राहिली. पाचव्यावर एक कुत्र्यावाले गृहस्थ उतरले. लिफ्ट वर गेली, थांबली, दार उघडलं.

"स्किप्ड फ्लोअर ॲट एक एफ सात शून्य," छतातली बाई म्हणाली.

माझ्या पायाखालची जमीन सरकली, आणि बारा-अ मजल्यावर हे फारच जाणवतं. समोर दोन हातांवर बाबा आणि काका उभे होते, श्वास रोखून. काकाला खोकल्याची उबळ आली होती. तो खोकला असता तर आत्याला तिथल्या तिथे कळलं असतं, म्हणून त्याने दोन्ही हातांनी तोंड दाबलं होतं आणि तो वांग्यासारखा जांभळा झाला होता. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"हा आमचा नव्हे," आत्या म्हणाली.

ती हलली नाही. दार मिटलं. मिटताना काकाचा चेहरा मला दिसला. त्यावर आनंद नव्हता, हे मी प्रामाणिकपणे सांगते. पण "मी म्हणत नव्हतो?" हे मात्र होतं.

माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. "आत्या, तोच आहे, मी माती खाल्ली." एवढंच. पण ते बाहेर पडलं की ती नापास. मी दातांनी ओठ धरून ठेवला. वॉशिंग मशीनशेजारी, लोकांच्या कपड्यांचं पिळणं ऐकत बसलेली आत्या मला दिसायला लागली आणि डोळ्यांत पाणी आलं.

"मुसमुसू नकोस," आत्या म्हणाली. "परीक्षकाने रडलं की विद्यार्थ्याला वाटतं पेपर कठीण आहे."

मग ती मोठ्याने विचार करू लागली. ती नेहमीच मोठ्याने विचार करते, शाळेत त्यालाच शिकवणं म्हणायचे.

"आडनाव तेच. स्किप्ड फ्लोअर. नंबर वेगळा. पण वर्गात एका आडनावाची सहा-सहा पोरं असायची, आडनावावरून घरी धाडलं तर भलत्याच्या घरी जायचं. आणि नंबरावर तरी किती जीव टाकायचा? नंबर आपणच देतो, आपणच बदलतो." तिने काठी एकदा टेकवली. मग हसली. "नाव खोटं सांगेल, नंबर खोटा सांगेल. बाक कुठे नेशील, बेट्या?"

आधी दाबलेल्या बटणावरून तिचं बोट अजून उठलेलं नव्हतं. ते तिने एक घर खाली सरकवलं आणि दाबलं. लिफ्ट गेली, दार उघडलं. "बारावा मजला," बाई म्हणाली. आत्या जागची हलली नाही. बोट दोन घरं वर. "चौदावा मजला." तिथे दारात एक बाई कचऱ्याची पिशवी घेऊन उभी होती. तिने आत यायला पाय उचलला, तर आत्या म्हणाली, "परीक्षा चालू आहे, नंतर." बाईने पाय मागे घेतला.

"एका बाजूला बारा, एका बाजूला चौदा," आत्या म्हणाली. "मधे बसलाय तो कुणीही असो, माझा आहे." आणि तिने मधलं बटण दाबलं.

छतातली बाई पुन्हा तेच बरळली. आत्या तिच्याकडे तोंड वर करून म्हणाली, "तुझं नंतर बघते," आणि बाहेर पडली. सात पावलं सरळ, मग डावीकडे. किल्ली भोकात गेली, फिरली, दार उघडलं. त्याच क्षणी काकाचा खोकला सुटला. तो इतका वेळ कोंडलेला होता की समोरच्या फ्लॅटमधल्या दंतवैद्यांनी दार उघडून पाहिलं.

"घे, गोळ्या," आत्या म्हणाली.

मला वाटलं संपलं. पण काका सोफ्यावर टेकला, दोन गोळ्या एकदम तोंडात टाकल्या आणि सुरू झाला. "ताई, दार उघडून समोर आम्ही उभे, आणि तू उतरली नाहीस. लिफ्टच जर भरवशाची नाही, तर कसं व्हायचं? आधीच दिसत नाही, त्यात ही वेडी लिफ्ट. दुष्काळात तेरावा महिना. उद्या ती आणखी काही बडबडली तर? बंदच पडली तर?"

"काका, चूक माझी आहे," मी म्हणाले. परीक्षा संपली होती, तोंड मोकळं होतं. "सकाळी मी डबा बंद करून चालू केला, त्यात नंबर बदलला. नापास करायचं तर मला करा."

"तू थांब, तुझी पाळी आहेच," आत्या म्हणाली. मग ती भावांकडे वळली, म्हणजे जिथून गोळ्या चघळल्याचा आवाज येत होता तिकडे.

"पडली तर, विसरली तर, बंद पडली तर. माझ्याच घरात बसून माझ्याबद्दल जर आणि तर. मी इथे बसलेली असते रे! मी कोण आहे, मला काय येतं, काय येत नाही, कशाची भीती वाटते, हे तुम्ही दोघं एकमेकांना सांगता. एकदा तरी म्हणालात, 'ताई, तू बोल'?"

मीही कधी म्हणाले नव्हते. असल्या जर-तरच्या विरुद्ध ऑफिसात मी वर्षभर तलवार चालवली होती आणि इथे बैठकीत नुसते चहाचे कप उचलत होते.

"मग बोल," बाबा हळूच म्हणाले. "ताई, तू बोल."

आत्या उठून उभी राहिली. खरंच उभी राहिली, पोरं राहायची तशी, हात बाजूला सरळ ठेवून. तिने आपलं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट. "मला दिसत नाही," ती म्हणाली. "रात्री कधीकधी भीती वाटते. दूध उतू जातं. मला दुसऱ्याच्या घरात राहायचं नाही. मी माझ्या घरी राहणार आहे." आणि खाली बसली.

बाबांनी चष्मा काढून पुसला. काका गोळी चघळायचा थांबला होता.

"पास," बाबा म्हणाले. "चल, सव्वीस."

त्यांनी काकाला त्या नंबराने कधीच हाक मारली नव्हती. काका उठला आणि मुकाट्याने चपला घालू लागला.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात नियमच केला. स्वतःचं नाव कसं बोलायचं ते शिकवल्याशिवाय एकही मजला आत घेतला जाणार नाही, प्रोग्राम सुरूच होणार नाही. मूळपुरुषाला पेन्शनीत काढलं. जरतर म्हणाला, "म्हणजे, जर शिकवलं नसेल तर..." आणि माझ्याकडे बघून थांबला.

राहिला बारा-अ. त्याला काय बोलायला शिकवायचं ते विचारायला मी आत्याकडे गेले. ती म्हणाली, "खरं नाव." सेक्रेटरी येऊन बरंच कुरकुरले, की तेरा म्हटलं तर लोक बिचकतील, फ्लॅटला गिऱ्हाईक मिळणार नाही. समोरचे दंतवैद्य म्हणाले, "माझ्या दारात येणारे तसेही बिचकलेलेच असतात." त्या मजल्यावर दोनच फ्लॅट, दोन्ही मतं तेराला पडली. आणि त्या एका मजल्यापुरता छतातल्या बाईला मी रजा दिली. आत्याला मायक्रोफोनसमोर बसवलं आणि म्हटलं, "बोल."

पुढच्या खेपेला बाबा आणि काका आले तेव्हा मी त्यांच्यासोबत लिफ्टमध्ये होते. काका सवयीने बटणांत तेरा शोधत होता, बाबांनी बारा-अ दाबलं. दोघांची कसल्याशा पेन्शनवरून वादावादी चालली होती आणि दोघं खांद्याला खांदा लावून दारात उभे होते, आधी कोण उतरणार अशा बेताने. लिफ्ट थांबली. दार उघडलं. आणि छतातून, साठ वर्षांपूर्वी अख्ख्या शाळेला ऐकू जायचा तो आवाज आला.

"तेरावा मजला. रांगेत उतरा."

काका गपकन बाबांच्या मागे गेला, आणि दोघं एकामागून एक उतरले.